कोळसा खरंच घटला का, हे कसं बघायचं

चंद्रपूर-कोराडीची धुराडी रोज बघणाऱ्याला ब्रिटनचा आलेख खोटाच वाटेल: २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के वीज कोळशाची आणि ३० सप्टेंबर २०२४ ला कोळशाचं शेवटचं केंद्र बंद. पण देशादेशांची तुलना करताना आधी एकक बघा. मेगावॉट म्हणजे क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज. १ मेगावॉटचा कोळसा संच ७० टक्के चालला तर वर्षाला ६१ लाख युनिट देतो; तेवढाच सौर १८ टक्क्यांनी जेमतेम १६ लाख. म्हणून २०२५ मध्ये भारताची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, वायू, डिझेल सोडून बाकीची) झाली, तरी वीज अजून बहुतांश कोळशाचीच. बातम्यांत ही गल्लत नेहमीची.

टक्क्यांशेजारी एकूण युनिटही मांडा. मागणी वाढत असली की टक्का घसरूनही कोळसा जास्तच जळू शकतो. ब्रिटनची मागणीच घटली होती, शिवाय फ्रान्सहून केबलनं येणारी वीज त्यांच्या उत्पादनात धरत नाहीत. नॉर्वे म्हणजे जवळपास सगळा पाण्यावरच्या विजेचा खेळ, पाऊस कमी-जास्त झाला की आकडेही हलतात. तिथं एकाच वर्षावर जाऊ नका, पाच वर्षांची सरासरी घ्या. आणि आपल्या धुऱ्यावरचा ऑफ-ग्रिड सौर पंप? पऱ्हाटी भिजते, पण ती वीज ग्रिडच्या मीटरवर चढतच नाही.