आधी सांगा, तुमचा संडास कुठे आहे?

बायका मला पाय दाखवतात. चर्नी रोडहून दादरला जाताना स्लो लोकलमध्ये, हळदीकुंकवात, एकदा तर बारशाच्या पंगतीत. चप्पल काढायची, अंगठ्यामागचं टेंगूळ माझ्यापुढे धरायचं आणि विचारायचं, "तुम्ही केलंत ना ऑपरेशन? मग मी करू का?"

आजवर "डॉक्टरांना विचारा" म्हणून मी सुटत आले. परवा तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, वर म्हणालात, "तुम्ही टाळताय." हो, टाळतेय. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच सगळं लिहिते, पुन्हा विचारू नका.

ते दुखणं कसं असतं हे तुम्हाला मी काय सांगणार. फक्त एक गैरसमज काढते, कारण तो माझाही होता. हाड वाढलेलं नसतं. डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला आणि दाखवलं: अंगठ्यामागचं लांब हाड बाहेर सरकलंय, अंगठा शेजारच्या बोटावर कलंडलाय. बोटांमध्ये घालायची सिलिकॉनची ती गोंडस वस्तू मी दोन वर्षं वापरली. तिने चोळणं कमी होतं, हाड सरळ होत नाही. याला बनियन म्हणतात असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आमचे हे स्वतःच्या गंजीफ्रॉककडे बघायला लागले. माझ्या आईचे पाय असेच होते. म्हणजे दोष नुसत्या सँडलला देता येत नाही, पण तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिलेल्या बाईला कोणाला तरी दोष द्यावासा वाटतोच.

"दिसायला वाईट म्हणून करत असाल तर करू नका, दुखतं म्हणून करा," हे त्यांनी दोनदा बजावलं. मी मान डोलावली. खरं सांगू? कोल्हापुरीच्या अंगठ्यात माझा अंगठा जात नव्हता, याचं दुःखही त्यात होतं.

मे महिन्याची सुट्टी धरली. शुगर तपासली. जोडवी सव्वीस वर्षांत निघाली नव्हती, साबणानेही निघेनात, शेवटी सोनाराकडून कापून घेतली. हाड कापून, सरकवून, दोन स्क्रू. टाके चौदा दिवसांनी. सहा आठवडे पुढच्या पायावर भार नाही, टाचेवर चालणारा बूट घालायचा, बाकीचा वेळ पाय छातीच्या वर उशांवर. हे सगळं कागदावर होतं. "घरी पाश्चात्य पद्धतीचा संडास आहे का?" हे कागदावर नव्हतं.

आमची गिरगावातली चाळ. दुसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला, नऊ दारं ओलांडून, आणि तो बसायचा. पुढच्या पायावर भार न देता उकिडवं बसून दाखवा, मग बोलू. मोरी घरात आहे, आंघोळ स्टुलावर बसून, पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून होते. दुसऱ्यासाठी कमोडची खुर्ची भाड्याने आणली, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी पडदा लावून ठेवली. तयारी झाली असं मला वाटलं. भांडं कोण उचलणार, हे मी ठरवलंच नव्हतं.

हे उचलायचे. रोज, जुन्या टॉवेलखाली झाकून, त्या नऊ दारांवरून. मे महिना, उकाडा, सगळी चाळ गॅलरीत बसलेली. हे काही बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "काय गं, दूध आणायला जातो तसंच आहे." मला ते जास्तच लागलं. मी पाणी कमी केलं. संध्याकाळी सहानंतर घोटभरही नाही. त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होईना.

नवव्या रात्री तीनच्या सुमाराला पोटात कळ आली. हे झोपलेले. मी ठरवलं, आपण जाऊ. वॉकरची टकटक होईल म्हणून तो घेतला नाही, कठड्याला धरून टाचेवर निघाले. पाच दारं गेली. सहाव्या दारासमोर पाण्याचं पिंप असतं, खाली ओल होती. मी पडले नाही. हे मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. नुसता पाय सटकला आणि सावरताना पंजा जमिनीवर दाबला गेला, सगळ्या अंगाच्या भारासकट. आधी दुखलंच नाही, बँडेजच्या आत कोणी कढत पाणी ओतावं तसं गरम वाटलं. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्या दाराच्या उंबरठ्यावर बसले आणि जे व्हायचं ते तिथेच झालं.

हे मोबाईलची बॅटरी घेऊन आले. एक शब्द बोलले नाहीत. मला उचलून खोलीत नेलं, मोरीत बसवलं, अंगावर पाणी घातलं, पाय तेवढा बाहेर धरून. मग दोन बादल्या नेऊन गॅलरी धुतली. सकाळी शेजारच्या वहिनींनी विचारलं, "रात्री पाणी कसलं हो?" हे म्हणाले, "माझा धक्का लागला, पिंप सांडलं."

डॉक्टरांना मी "जरा घसरले" एवढंच सांगितलं. एक्स-रेत स्क्रू जागेवर होते. टाके निघाले, जूनमध्ये सुजलेल्या पायाने शाळेत गेले, सूज पुरती उतरायला दिवाळी उलटली. अंगठ्याच्या आतल्या कडेला अजून बधिर आहे. टेंगूळ चोळून जी आग व्हायची ती गेली, दादरचा पूल मी न थांबता चढते. पण अंगठा पुन्हा किंचित कललाय. त्या रात्रीमुळे? डॉक्टर म्हणतात, काही जणांत तसाही कलतो. त्यांना रात्र माहीत नाही, त्यामुळे त्या उत्तराचा मला उपयोग नाही.

तेव्हाच्या मला मी पुष्कळदा रागावते. सासूबाईंचं बेडपॅन तू चार वर्षं उचललंस, तेव्हा फार मोठं काही करतेय असं वाटलं होतं का? नाही ना? मग नवऱ्याने उचललं तर काय बिघडलं? यावर ती म्हणते, सासूबाई रोज भिंतीकडे तोंड करून पडायच्या, ते तू पाहिलं नव्हतंस का? तिचंही चूक नाही.

म्हणून कोणी पाय दाखवला की मला आधी विचारावंसं वाटतं, तुमचा संडास कुठे आहे, आणि भांडं कोण उचलेल. बारशाच्या पंगतीत हे कसं विचारणार?

डावा पायही तसाच आहे. चाळीच्या रीडेव्हलपमेंटची मीटिंग रविवारी आहे, अशा मीटिंगा मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. हे म्हणतात, "त्याची वाट बघू नकोस, खुर्चीवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे." मी अजून हो म्हटलेलं नाही.