पाहुणा कोणाचा?

नागपुरात चाकाच्या खुर्चीसाठी घर बांधायचं म्हटलं की पहिली कुस्ती जमिनीशी असते. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पूर्वीची माणसं जोतं दोन-अडीच फूट उचलून घ्यायची, ते उगाच नाही. त्यात २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तेव्हापासून शंकरनगरच्या बाजूला कोणाला "जोतं जरा खाली घेऊ या" म्हणायची सोय राहिली नाही. आणि खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकाला तर अर्ध्या इंचाचा उंबराही आडवा येतो.

मी सांगतेय त्या घरी त्या पहाटे पाणी सगळ्यात वरच्या पायरीला लागून थांबलं होतं. घर काकूंचं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई. पक्षाघातानंतर डावी बाजू दुबळी झाली आणि समोरच्या चार पायऱ्यांनी त्यांना घरातच अडकवलं. मी आर्किटेक्ट. मुलाने मला बोलावलं ते परसातल्या जागेसाठी. जुनी न्हाणी आणि लाकडं ठेवायची खोली पाडून तिथे आईपुरतं घर करायचं: एक खोली, छोटा ओटा, संडास-बाथरूम, सगळं मिळून चौदा बाय बावीस. त्याची एकच अट होती. "मॅडम, आमच्या मागच्या दारातूनच जाणं-येणं ठेवा. वेगळं दार नको, आपलं लक्ष राहत नाही." म्हणणं रास्त होतं. आराखडा तसाच झाला, महापालिकेची परवानगीही तशीच घेतली.

अशी घरं परदेशात बरीच होतात. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून नियम सैल केले, ऑस्ट्रेलियात तर परसात आजी-आजोबांसाठी घर असणं नेहमीचंच. त्यांचे फोटो लोक मला मोबाइलवर दाखवतात: पांढऱ्या भिंती, मोठ्या काचा, पुढे लाकडी डेक. आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीला, त्या काचेमागे माणूस बसवून दाखवा म्हणावं.

खोदकामाआधी जमिनीवर चुन्याची फक्की मारून भिंतींच्या रेषा आखतात, हे सगळेच करतात. मी त्यात एक वाढवते. ज्याला त्या घरात राहायचंय त्याला त्या रेषांमधून फिरवते. एप्रिलची सकाळ होती, सातलाच सुरुवात केली, कारण दहानंतर परसात उभं राहवत नाही. भेगाळलेल्या मातीत चाकं रुततील म्हणून मिस्त्रीने शटरिंगचे प्लाय अंथरले, भिंतींच्या जागी विटांचा एकेक थर सुकाच लावला. काकूंना चौघांनी खुर्चीसकट पायऱ्यांवरून खाली आणलं. हे उचलून नेणं त्यांना किती नकोसं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"काय करून राहिले हे?" त्यांनी विचारलं.

"काकू, हे तुमचं घर. फिरून बघा."

एका हाताने आणि एका पायाने खुर्ची रेटत त्या आत गेल्या. पाच फुटांच्या गोलात खुर्ची पूर्ण फिरते, हे नियमांच्या पुस्तकात असतं. पण एकाच बाजूने जोर लागणारा माणूस तो गोल तिरका घेतो, ते तिथे दिसलं. पलंगाची जागा आम्ही तिथल्या तिथे सरकवली. ओट्याच्या विटांपाशी त्या थांबल्या, हात पुढे करून बघितला. ओटा तीस इंचांवर ठेवायचा आणि खालून गुडघे आत जातील असा मोकळा, हे ठरलं.

मग बाथरूम. इथे मी मुलाला आणि मिस्त्रीला चहा प्यायला पिटाळलं. कमोडच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि म्हटलं, "काकू, रोज कशा बसता ते दाखवा." त्या संकोचल्या, पण दाखवलं. उजव्या हाताने त्या कशाला धरून स्वतःला ओढत नव्हत्या, तर तळहात टेकून खाली दाबून उठत होत्या. उभा दांडा लावला असता तर त्यांच्या काही कामाचा नव्हता. त्यांना लागत होती हाताखाली आडवी, भक्कम जागा, आणि तीही उजवीकडेच. हे कुठल्याही तक्त्यात मिळत नाही. त्यासाठी माणसाला उठताना बघावं लागतं.

"पण ते स्टीलचे पाइप नको हं," त्या म्हणाल्या. "रुग्णालयात पंधरवडा काढला मी. घरी परत तेच कायले पाहू?"

म्हणून तिथे कडप्प्याचा जाड कट्टा भिंतीत खोलवर बसवला, कडा गोल करून. साबण, तांब्या, टॉवेल ठेवायलाही तोच आणि हात टेकायलाही तोच. ओढून धरणाऱ्या माणसाला असा कट्टा चालला नसता, त्याला मुठीत मावणारा दांडाच हवा. काकूंना चालला, कारण त्या दाबतात. पलीकडे एक घडीचा दांडा मात्र लावलाच, रात्री सोबत कोणी मदतीला असेल तेव्हासाठी. फरशी गडद हिरवी, खरखरीत. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड थकलेल्या डोळ्यांना दिसतच नाही. तरी प्रत्येक दुकानदार म्हाताऱ्यांच्या बाथरूमसाठी पांढरंच दाखवतो, का ते देव जाणे.

एवढ्यात माणसं चहा पिऊन परतली आणि खरा प्रश्न निघाला. काकू खुर्ची वळवून परसाच्या मधोमध आल्या. "माझं दार कोणतं?"

मी मुख्य घराच्या मागच्या दाराकडे बोट केलं. तिथून पाच फूट रुंदीचा सपाट ओटा, मग त्यांचं दार.

"म्हणजे माझ्याकडे कोणी आलं तर?"

"तुझ्या सुनेच्या स्वयंपाकघरातून येईल," मुलगा म्हणाला.

"मग तो तिचा पाहुणा झाला ना बाबू, माझा कुठचा?"

सूनबाई मागच्या दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता बिनसणार. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलून राहिल्या आई. माझ्या ओट्यावर पसारा असला की कोणी आलेलं मलेही नाही आवडत." मुलगा गप्प झाला. मीही तोवर काही बोलले नाही. घरातला हा हिशेब आर्किटेक्टने करायचा नसतो.

दार हवं, तर मग रस्ता हवा. नियम सांगतो, उतार एकास बारापेक्षा तीव्र नको. काकूंनी लगेच मांडलं, "दोन फूट जोतं, म्हणजे चोवीस फूट रॅम्प. हे परस त्यातच संपलं." अगदी खरं. घराला जीभ बाहेर काढल्यासारखा रॅम्प चिकटवलेला असला की येणाऱ्याला सगळ्यात आधी आजारपण दिसतं, आणि मला तो प्रकार मुळीच आवडत नाही.

उत्तर मिळालं ते एका जुन्या तक्रारीतून. सिमेंटचे रस्ते झाले आणि नागपुरात कितीतरी घरांची अंगणं रस्त्याच्या खाली गेली. यांचंही नऊ इंच खाली होतं, त्यावरून मुलगा वर्षभर कुरकुरत होता. मी पातळी लावली. रस्त्यापासून मोजलं तर जोतं पंधराच इंच वर. आणि फाटकापासून घराच्या बाजूने परसापर्यंत जाणारा बोळ चाळीस फूट.

"चाळीस फूट म्हणजे चारशे ऐंशी इंच, भागिले पंधरा," काकू म्हणाल्या. "एकास बत्तीस."

इतक्या मंद चढाला कोणी रॅम्प म्हणत नाही. तो आपला घराकडे जाणारा रस्ता. कुंपणाच्या कडेने मोगरा आणि लिंबू, खाली कोटा फरशी, पॉलिश न केलेली. बोळात आधाराला कठडा सागवानी गोल दांड्याचा केला, कारण स्टीलला मे महिन्यातल्या दुपारी हात लावून दाखवावा. मातीचं काम मात्र चोख करून घेतलं. काळी माती काढून टाकली, मुरूम भरला, थराथराने धुम्मस केली आणि रस्त्याचा स्लॅब दारापाशी घराच्या पायाला बांधून घेतला. तो सुटा ठेवला की एकाच पावसाळ्यात दाराशी पातळी बदलते आणि आपोआप एक पायरी तयार होते. अंगणातलं पाणी अडू नये म्हणून रस्त्याखालून पाइप टाकले.

शेवटचं भांडण कूलरचं. नागपुरी घरात कूलर खिडकीत बसतो आणि खिडकी संपते. काकूंना खुर्चीतून फाटक दिसायला हवं होतं. म्हणून त्या बाजूची खिडकी खाली दोन फुटांवर आणली आणि कूलरला पश्चिमेला वेगळं भोक दिलं. त्यात नळ जोडून, टाकी भरली की तो आपोआप बंद करणारा फ्लोट बसवला, म्हणजे पाणी भरायला कोणाला हाक मारायला नको. समोरच्या भिंतीत वर झडप ठेवली. ओली हवा बाहेर जायला वाट नसली तर कूलर कितीही मोठा घ्या, माणूस घामाने चिंबच.

दिवाळीच्या आधी काकू राहायला गेल्या. जुन्या विद्यार्थिनी येतात, चहा त्या स्वतः ठेवतात, कप मात्र आलेल्यांना नेऊन द्यावे लागतात. मुलाची नवी तक्रार आहे की कुरिअरवाले आता आईचीच बेल वाजवतात आणि ती त्यांना बसवून घेते. माझी तक्रार फाटकाची. ते सरकतं आहे, त्याच्या खालच्या रुळाच्या खाचेत खुर्चीचं पुढचं चाक अडकतं. रूळ काढून वरून टांगायचं ठरलंय, माप देऊन झालंय. फॅब्रिकेटर रोज "उद्या येतो" म्हणून राहिला.