अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: अंतर कमी, वेळ जास्त का?

लक्षद्वीप आणि अंदमान एकाच रजेत उरकू म्हणणारे जळगाव-भुसावळकडे बरेच भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: लक्षद्वीपच्या विमानतळावरून, म्हणजे अगत्तीहून, अंदमानातलं पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) विमानाने किती लांब?

सरळ रेषेत सुमारे 2240 किलोमीटर. पण त्या रेषेवरून विमान नाही. अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1200 मीटर; तिथे एटीआर उतरतं, आपल्या जळगावला येतं तेच पंख्याचं विमान. पूर्ण प्रवासी घेऊन त्याची मजल 1500 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जे उतरू शकतं ते पोचत नाही, आणि जे पोचेल ते जेट तिथे उतरत नाही.

अंतर स्वतः पडताळायचं तर अक्षांशांतला फरक गुणिले 111. रेखांशांतला फरक गुणिले 111, पुन्हा गुणिले सरासरी अक्षांशाचा कोसाइन. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. अगत्ती 10.82 उत्तर, 72.18 पूर्व, पोर्ट ब्लेअर 11.64 आणि 92.73. हिशेब घसरतो तो मिनिटांत. 10 अंश 49 मिनिटं म्हणजे 10.82, 10.49 लिहिलंत की अगत्ती 36 किलोमीटर दक्षिणेला सरकते.

खरा रस्ता अगत्ती-कोची-चेन्नई-पोर्ट ब्लेअर. टप्पे साधारण 465, 520 आणि 1370 किलोमीटरचे, बेरीज 2355. वळसा फक्त शंभर-सव्वाशे किलोमीटरचा! हवेतला वेळ पावणेपाच तासांच्या घरात: एटीआरला सव्वा ते दीड तास, कोची-चेन्नई तासाभराहून थोडं जास्त, शेवटचा टप्पा सव्वादोन तास. पावसाळ्यात वरच्या थरात पूर्वेचा वारा असतो, त्यामुळे अंदमानकडे जाताना दहा-एक मिनिटं वाढतात.

दिवस खातो तो कोचीतला थांबा. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅग स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करावी लागते. अगत्तीचं विमान हवेमुळे रखडलं तर पुढचं तिकीट बुडतं, भरपाई कुणी देत नाही. कोचीला एक मुक्काम धराच. आखूड धावपट्टीमुळे एटीआरला वजनाची मर्यादा पडते, म्हणून सामान हलकं ठेवा. लक्षद्वीपचा परवाना मात्र सगळ्यात आधी. तो हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नये.

खान्देशातून निघताना लक्षद्वीप आधी घ्यावं. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून थेट एर्नाकुलमला, म्हणजे कोचीला नेते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाडीला जास्त वेळ लागतो. तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशी पोचेल अशीच गाडी धरा.

आणखी एक. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य अंदमानात 82 मिनिटं पुढे. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास मावळतो. चारला उतरून त्याच दिवशी हॅवलॉक बेटाची (आताचं स्वराज द्वीप) बोट गाठायचा बेत आखू नका, ती रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा.