दामाजीपंतांच्या कोठारातली पोती

जानेवारी लागला की आमच्या मंगळवेढ्याच्या हायस्कूलच्या मागच्या व्हरांड्यात रिकामी पोती जमायला लागायची. गॅदरिंग जवळ आलं, याची पहिली खूण तीच. पत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ छापलेलं असायचं, पण गावात सगळे गॅदरिंगच म्हणायचे.

संक्रांतीच्या आधीचे दोन दिवस ठरलेले. पहिला दिवस 12 जानेवारीचा. उद्घाटनाआधी हेडसर चार नावं वाचायचे: मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. सोलापुरात 1930 मध्ये मार्शल लॉ लागला आणि पुढच्या वर्षी याच तारखेला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. एवढा पोरांचा गलका, पण त्या दोन मिनिटांत मांडवाचं कापड फडफडलेलं ऐकू यायचं.

मग लेझीम, नाच, शेलापागोटे, बक्षिसं. ते सगळ्याच शाळांत असतं. आमचं खरं गॅदरिंग दुसऱ्या दिवशी, भोगीच्या रात्री. बाजरीची तीळ लावलेली भाकरी खाऊन आयाबाया सतरंज्यांवर जागा धरायच्या, कारण दामाजीपंतांचं नाटक व्हायचं. बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार पंतांनी दुष्काळात लोकांना खुलं केलं आणि त्याची भरपाई करायला विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला गेला, ही गोष्ट समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ. तरी विठू थैली घेऊन दरबारात शिरला, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. पांडुरंगाचं काम करणारा तो पोरगा दिवसभर गावात उंडारत असायचा, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मला तो नमस्कार अजून दिसतो.

मी आठवीत कोठारातला हमाल होतो. संवाद एकही नाही, नुसती पोती वाहायची. त्यांत कडब्याचा भुसा भरलेला. त्या वर्षी रंगीत तालमीला एका मुलाचे आजोबा येऊन बसले होते. ते उठून सरांना म्हणाले, “सर, दामाजीपंताच्या कोठारात भुसा कसा ओ? आपलं गाव ज्वारीचं.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या बैलगाडीतून मालदांडीची दोन पोती आली. पुढच्या साली तिघाचौघांनी धाडली, मग ती रीतच पडली. आमच्या काळ्या रानातल्या या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला आधी ते आजोबाच आठवले.

खरं धान्य आल्यावर नाटकच बदललं. पोतं दोघांनी धरलं तरी पाय लटपटायचे. तोंड सोडून पसरलेल्या पदरात ज्वारी ओतली, की तिचा सळसळ आवाज माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत जायचा. कुठल्याही पार्श्वसंगीताला ते जमलं नसतं, असं मी आजही म्हणेन.

संक्रांतीला सकाळी मांडव सोडायला आम्हीच. स्टेजवर सांडलेली ज्वारी मुली सुपानं पाखडून पोत्यात भरायच्या. ती सगळी वसतिगृहाच्या कोठीत जायची. शिपाईमामा पोत्यावर खडूनं ‘दामाजी’ लिहायचे आणि वसतिगृहातली पोरं पुढं महिनाभर जेवायला बसताना एकमेकांना विचारायची, “आज भाकरी दामाजीची का रे?”