पलीकडची खुर्ची

दुपारी दोन-अडीचला सलूनमधल्या टीव्हीवर ‘कौन बनेगा करोडपती’चा जुना भाग लागलेला असला, की गालावरचा साबण सुकला तरी गिऱ्हाईक बोलत नाही. प्रश्न माहीत, उत्तर माहीत, समोरची बाई किती घेऊन जाणार हेही माहीत. तरी बघायचं. बघायचं काय, तर पलीकडच्या खुर्चीतला माणूस.

त्या खुर्चीत ३ जुलै २००० ला अमिताभ बच्चन बसले आणि सोमवार ते गुरुवार नऊच्या आत जेवणं उरकायची शिस्त मुंबईला लागली. चाळीत तर गॅलरीभर तोच एक आवाज. २००७ ला शाहरुख खान आले, हजरजबाबी, स्पर्धकांना मिठ्या मारणारे. एका पर्वानंतर, २०१० ला, पुन्हा बच्चनच. मराठीतही सचिन खेडेकर, मग स्वप्नील जोशी, नागराज मंजुळे, आणि परत खेडेकर. मिठीचं मला कधी पटलं नाही. ज्याला आत्ताच कवटाळलं, त्याला ‘चुकलं’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

नवा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो पर्याय वाचताना. चारही एकाच वजनाने वाचावे लागतात. अ, ब, क चढत्या सुरात आणि ड वर आवाज टेकवला, की डळमळणाऱ्याचा कान ड कडेच झुकतो. एखाद्या गमतीदार पर्यायावर स्वतःला हसू आलं, तर तो पर्याय बाद. फुकटची अर्धी फिफ्टी-फिफ्टी. त्याहून अवघड ‘नक्की ना?’. हे फक्त चुकीच्या उत्तराला विचारलं, तर दोन भागांत सगळ्यांना कळतं. बरोबर उत्तरालाही तेवढंच छळावं लागतं आणि अधूनमधून चुकीचं उत्तरही मुकाट लॉक करावं लागतं. मूळ ब्रिटिश खेळात म्हणूनच लॉक होईपर्यंत उत्तर सूत्रसंचालकाच्या पडद्यावर येत नाही. पंचाईत एकच, त्याला स्वतःला ते येत असेल तर! तिथे २०१८ ला ख्रिस टॅरंटच्या जागी जेरेमी क्लार्कसन आले, तेव्हा ‘सूत्रसंचालकाला विचारा’ अशी लाइफलाइनच काढली. आपल्याकडे नाही चालायचं. बच्चनना उत्तर येत नाही, हे ऐकायची कुणाची तयारी आहे?

मग थांबणं. किती थांबायचं हे रकमेवर ठरतं. पहिल्या पर्वाची शिडी पंधरा प्रश्नांची, हजारापासून कोटीपर्यंत. दहा हजार आणि तीन लाख वीस हजार हे पक्के टप्पे. दोन हजारांच्या प्रश्नाला ताणलं तर लोक पाणी प्यायला उठतात. सहा लाख चाळीस हजारांच्या प्रश्नालाही ताण खोटाच, कारण चुकलं तरी तीन लाख वीस हजार खिशात आहेतच. खरी धाकधूक साडेबारा लाखांना. तिथे चुकलं की हातातली रक्कम निम्म्यावर येते, आणि पुढे प्रत्येक पायरीला पडण्याची उंची वाढत जाते. तिथे थांबावं. नवखे नेमके उलटं करतात. खाली रेंगाळतात आणि वर पोचल्यावर स्वतःच धास्तावून बोलत सुटतात. शांतता भरायला संगीत आहे की, मूळचं तर प्रश्नागणिक अर्धा सूर वर सरकणारं. त्याला त्याचं काम करू द्यावं, आपण स्पर्धकाच्या तोंडाकडे बघत बसावं. निकाल सांगायच्या आधी हळूच पडद्याकडे बघणारा सूत्रसंचालक तर मला बघवत नाही.

आता हे सगळं एखाद्याला साधलं असं धरू. तरी पहिल्या रात्री घरातले शेरे ठरलेले. सून म्हणणार, कोट बरा आहे. आणि आजी पहिल्या ब्रेकपर्यंत गप्प बसून विचारणार, “ते नाहीत का हो आज?”