नळीतला झोळ

पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी ‘फ्युएल सेलमधलं पाणी’ एवढंच सांगायची. प्रबंधाच्या नावात ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द आहे हे मावशीला कळलं, तेव्हा तिने एसटीत ओळख आहे का म्हणून विचारलं होतं. पुढे २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनची बस दाखवली गेली आणि घरच्यांना थोडा उलगडा झाला. तोही अर्धवटच, कारण ‘पाण्यावर चालणारी गाडी ना?’ हा प्रश्न अजून येतो. पाण्यावर चालत नाही, पाणी बाहेर टाकते: तिच्या फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज होते आणि पाणी तयार होतं. आणि ते पाणी जातं कुठे, हेच मला मोजायचं होतं.

सेलच्या मध्यभागी मेम्ब्रेन असतं, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पडदा. आमचं नॅफिऑन २१२ होतं, जाडी ५१ मायक्रॉन, साधारण केसाएवढी. वापरण्याआधी ते ८० अंशांवर तासतासभर उकडायचं: आधी तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, मग शुद्ध पाण्यात, मग सौम्य गंधकाम्लात, पुन्हा पाण्यात. ओलं असताना ते हातात छान येतं, पण वाळू लागलं की उन्हातल्या पापडासारखं कडेने वळतं. पहिली तीन मी चिमट्यानेच फाडली. त्यांची किंमत सरांनी मला सांगितली नाही. ती मी बिलात पाहिली आणि त्या रात्री जेवले नाही.

हे मेम्ब्रेन ओलं असेल तरच कामाचं. हायड्रोजनच्या बाजूला तयार झालेला प्रोटॉन आरतीच्या ताटासारखा पुढे जातो. माणसं आपापल्या जागी उभी असतात, ताट या हातातून त्या हातात फिरतं. पाण्याचे रेणू ही ती माणसं. ही कल्पना ग्रोटहुसने १८०६ मध्येच मांडली होती. पण सगळे प्रोटॉन असे शिस्तीत जात नाहीत. काही जण पाण्यालाही सोबत ओढून नेतात. त्यामुळे हायड्रोजनची बाजू सुकते आणि हवेच्या बाजूला पाणी साचतं. शिवाय त्याच बाजूला ऑक्सिजनशी संयोग होऊन नवं पाणी तयार होत असतं. थोडं पाणी उलट पाझरून परत येतं. ओढलेलं किती आणि परतलेलं किती, त्यांतला फरक मला हवा होता.

परदेशात हे पाणी न्यूट्रॉन किरणांनी थेट बघतात. न्यूट्रॉन अ‍ॅल्युमिनियममधून सहज पार जातात, पाण्यातल्या हायड्रोजनला मात्र अडखळतात. अमेरिकेत एनआयएसटी या राष्ट्रीय मापन संस्थेत आणि स्वित्झर्लंडमध्ये पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये ती सोय आहे. आमच्याकडे वजनकाटा होता. सेलमधून बाहेर पडणारे दोन्ही वायू बर्फात ठेवलेल्या बाटल्यांतून सोडायचे आणि तासाने बाटल्या तोलायच्या. सेल २५ चौरस सेंटिमीटरचा, प्रवाह २५ अँपिअर. एवढ्यात तासाला सुमारे ८.४ ग्रॅम पाणी तयार होतं, चहाचे जेमतेम पावणेदोन चमचे. हवा ६५ अंशांच्या बबलरमधून, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यातून बुडबुड्यांनी, ओली होऊन आत जायची. तिच्यातून आणखी तासाला १३ ग्रॅम वाफ. हा सगळा हिशेब माझा तासातासाला जुळत होता आणि म्हणूनच मी निर्धास्त होते.

पहिल्या डिसेंबरात सकाळी व्होल्टेजचा आलेख करवतीसारखा निघू लागला. ०.६२ व्होल्टवर चाललेला सेल अचानक ०.४८ पर्यंत पडायचा, मग हळूहळू वर. सहा-सात मिनिटांनी पुन्हा तेच. मी खूश झाले. फ्लडिंग! मेम्ब्रेनपर्यंत वायू पोचवणाऱ्या कार्बन पेपरच्या छिद्रांत पाणी भरत जातं, दाब पुरेसा वाढला की बांध फुटतो, ऑक्सिजनची वाट क्षणभर बंद होते, मग पाणी वाहून गेलं की मोकळी. केशिका दाबाची समीकरणं लावून मी त्या करवतीचा काळ काढला, तो जुळलाही. (तीन अज्ञात गुणांक हाताशी असले की काय जुळत नाही!) एका परिषदेत पोस्टर लावलं. मे महिन्यात दात विरळ झाले, कधी तासाला एखादा. नेमका तेव्हाच मी कार्बन पेपर बदलला होता, त्यामुळे श्रेय त्यालाच दिलं. डिसेंबर ते जून, सात महिन्यांची मोजणी.

दुसरा डिसेंबर आला, कार्बन पेपर तोच, आणि दात परत आले. सकाळी जास्त, दुपारी कमी. आता मात्र पोटात गोळा आला. घड्याळाप्रमाणे वागणारा केशिका दाब मी तरी ऐकला नव्हता.

वर्कशॉपमधले काका शेजारच्या टेबलावरचा व्हॅक्यूम पंप दुरुस्त करायला आले होते. माझा आलेख त्यांनी पाहिलाही नाही. पाना ठेवायला जागा शोधताना त्यांचा हात बबलरपासून सेलकडे जाणाऱ्या नळीला लागला. ‘मॅडम, इथे चटका बसतोय, इथे नुसती कोमट आहे,’ ते म्हणाले. मग खाली वाकून बघितलं. ‘आणि हिला झोळ आहे. टाकीच्या पाइपला असा झोळ असला की हवा अडकते. इथे पाणी अडकत असेल.’

सेल काढता-घालता यावा म्हणून शेवटची वीतभर नळी टेफ्लॉनची होती. उष्णतेने ती मऊ होऊन खाली लोंबली होती. वरून पांढरी हीटिंग टेप गुंडाळलेली, म्हणून आत काही दिसत नव्हतं. टेपला वीज डिमरस्टॅटमधून, म्हणजे चकती फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायच्या खोक्यातून. त्याच्या चकतीवर कुणीतरी, बहुधा माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने, पेनाने खूण केली होती आणि मी रोज इमानेइतबारे तिथेच ठेवत होते. त्या खुणेवर नळी खोलीपेक्षा साधारण तीसेक अंशांनी गरम व्हायची. मे महिन्यात खोलीच छत्तीस अंशांवर, म्हणजे नळी पासष्टच्या आसपास, सगळं ठीक. डिसेंबरच्या सकाळी पन्नासही गाठत नव्हती. पासष्ट अंशांवर १३ ग्रॅम वाफ वाहणारी हवा पन्नासवर आली की जेमतेम साडेपाच ग्रॅम धरून ठेवते. बाकीचं नळीतच. मोदकपात्राच्या झाकणाला फडकं बांधलं नाही की मोदकांवर थेंब गळतात, तोच प्रकार.

टेप सोडली. अर्धपारदर्शक नळीत पाण्याची पाच-सहा सेंटिमीटरची गुठळी झोळात डुलत होती. मी एक डोळा तिच्यावर, एक पडद्यावर ठेवून बसले. गुठळी फुगत गेली, एकदम सेलमध्ये घुसली आणि दोन सेकंदांत व्होल्टेज पडलं. काका म्हणाले, ‘बघा, पळालं.’ तासाचा हिशेब का जुळत होता तेही तेव्हाच कळलं. पाणी हरवत नव्हतंच, फक्त गुठळीगुठळीने येत होतं.

सरांना सांगायला दोन दिवस लावले. ते रागावले नाहीत. ‘पोस्टर कुठल्या परिषदेत होतं?’ एवढंच विचारलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

डिमरस्टॅट गेला. नळीवर तापमान मोजणारं थर्मोकपल, कंट्रोलर, तापमान कायम ७५, वरून काचलोकर आणि फॉइल. नळी ताणून बसवली आणि उतार बबलरकडे दिला, म्हणजे चुकून थेंब झालाच तर मागे जाईल. करवत मोडली. त्यानंतर जे फ्लडिंग दिसलं ते खरं होतं, पण किरकोळ. व्होल्टेज वीस-तीस मिलिव्होल्टने खालवर व्हायचं, तेही प्रवाह बराच वाढवला की. त्यावर समीकरणं बसवायला मला आणखी दीड वर्ष लागलं आणि अज्ञात गुणांक या वेळी एकच ठेवला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी परिशिष्टातली जुनी करवत पाहिली आणि हे आकडे मुख्य प्रबंधात का नाहीत म्हणून विचारलं. मी नळीची गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला, जरा हसले आणि म्हणाले, ‘आमच्या नळीचा उतार सेलकडे होता.’