पोखऱ्याला राहायला जाताना

रिटायर झाल्यावर नेपाळात राहायचं हे आमचं नक्की आहे आणि पोखऱ्यापर्यंत आपल्याच गाडीने जायचं हेही. ही म्हणते, सामान विमानात मावणारं नाहीच. वर्षाची कांदा-लसूण चटणी, गुळाच्या ढेपा, माझी पुस्तकं.

रस्ता ठरलाय. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, नागपूर, जबलपूर, मग गोरखपूरवरून सीमेवरचं सुनौली. पलीकडे भैरहवा, बुटवल, पाल्पा आणि घाटातून पोखरा. तिकडेही गाडी डावीकडूनच चालते.

खरा अभ्यास गाडीचा आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. गाडीला मात्र सीमेवर भन्सार, म्हणजे दिवसाप्रमाणे जकात भरावी लागते, आणि खासगी गाडी वर्षात ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे एमएच ०९ ची आमची गाडी तिथे कायमची राहणार नाही. सामान उतरवायचं, पुतण्या ती परत आणेल. विमा कंपनीकडून पॉलिसीत नेपाळ वाढवून घ्यायचं, हे कुणीही विसरू नये.

१९५० च्या भारत-नेपाळ करारात राहण्याची, मालमत्तेची मुभा लिहिलेली आहे, तरी परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही. आम्ही भाड्याचंच घर बघतोय, फेवा तलावापासून थोडं लांब, कारण तलावाकाठी पर्यटकांची गर्दी फार. पेन्शन इथल्याच बँकेत राहील. रंकाळ्यावरची मित्रमंडळी विचारतात, करमेल का? हिने आत्तापासूनच नेपाळी शिकायला घेतलंय. लिपी आपलीच, त्यामुळे पाट्या सहज वाचते.